एक कार्बन कमी

बाटलीवरची चिठ्ठी: मिथिल अमाईन, चाळीस टक्के, पाण्यात.
मुळात तो वायू. पैठणच्या मे महिन्यात
बाटलीत राहायला तो राजी नसतो.
बूच काढायच्या आधी तासभर बर्फात बसवायचो,
बर्फ स्टँडमागच्या कुल्फीवाल्याकडचा,
बिनपावतीचा.

मी गफूर, प्रयोगशाळेचा परिचर, एकतीस वर्षं.
बारावी नापास. नाक मात्र पास.
ॲसिटामाईड म्हणजे पोत्यामागचा उंदीर,
एस्टर म्हणजे काळं पडलेलं केळं,
आणि हे,
बूच सैल झालं की बुधवारचा मासळीबाजार.

मुखेडकर सर फळ्यावर लिहायचे:
ॲसिटामाईड घ्या, ब्रोमीन घ्या, कॉस्टिक पोटॅश घ्या,
ब्रोमीनचा रंग उडेपर्यंत थांबा, मग मंद आच.
दोन कार्बनवाला आत जातो
एक कार्बनवाला बाहेर येतो.
"मग दुसरा कुठं गेला?"
दर साली हाच प्रश्न, आणि दर साली
फक्त पंख्याचा आवाज.

एका साली मागच्या बाकावरून वैजंता म्हणाली,
"पाण्यात, सर."
पोरं हसली. तिच्या आज्याचं गाव
नाथसागराच्या तळाशी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
सर म्हणाले, "बरोबर.
कार्बोनेट होऊन. पाण्यातच असतो तो, दिसत नाही एवढंच."
मी परीक्षानळ्या धूत होतो,
नळ तसाच चालू राहिला माझ्याकडून.

नळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरला,
निळा झाला.
हायड्रोक्लोरिकात बुडवलेली काचकांडी जवळ नेली,
पांढरा धूर.
सगळ्यांचे रुमाल नाकाला.
त्यातल्या एकाने रुमालातूनच विचारलं,
"वैजंता, डबा आज इथंच उघडलास का?"

ती काहीच बोलली नाही.
थोड्या वेळानं, आम्हां कुणाला नव्हे, नळीला म्हणावं तसं:
"माय मरळ चिरली की चिंचेचा कोळ चोळती.
वास बसतो."
सरांनी खडू पुढं केला.
तिनं लिहिलं: आम्ल अधिक अमाईन, बरोबर क्षार.
क्षार उडत नाही. जे उडत नाही ते नाकाला कळत नाही.
'क्षार' लिहिताना तिचा खडू मोडला, बाकी अक्षर चांगलं होतं.

उपयोग परीक्षेपुरते सगळ्यांना पाठ होते:
रंग, औषधं, कपाशीवर मारायची काही विषं,
कातडं कमावताना केस सोडवायला.
पाचवा कोणता ते मला कधीच आठवलं नाही.

आता मी घरी. साखर दोनशे दहा.
डॉक्टरांनी गोळी दिली, जेवणानंतर अर्धी.
पाकीट फोडलं आणि हात थांबला.
मासळी. अगदी पुसट, पण मासळीच.
केमिस्टच्या पोराला विचारलं, तो म्हणाला,
खराब नाही चाचा, ही अशीच असते.
असणारच.
दोन मिथिलवाला भाऊ आहे हिच्यात, सांगायची गरज नाही मला.

वैजंता वाळूजला औषधांच्या कंपनीत आहे म्हणतात,
पांढरा कोट, स्वतःची स्कूटी.
चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं:
कारखाना हिमाचलचा.

बरं.
गोळी घेतली. वर पाणी.
सायराबी आतून ओरडली, मासे आणले का काय,
आणि मी म्हणालो, नाही,
चिंच आहे का घरात?