आधी गंज

पोर्ट ग्लासगोच्या गोदीत एकेचाळीस वर्षं
मी गंज खरवडला.
जहाजांच्या पोटाखाली उताणा पडून,
आधी तारेच्या ब्रशानं, पुढं वाळूच्या झोतानं.
डोळ्यांत तांबडी पूड, रुमालात तांबडी शिंक.
उना म्हणायची, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा
तुझं जहाज उमटतं.

आता स्वयंपाकघराच्या टेबलावर
हातभर लांबीचं लँडिंग क्राफ्ट,
सपाट बुडाचं, तोंडालाच दार असलेलं,
एकास पस्तीस.
आणि मी, चष्म्यावर चष्मा चढवून,
त्याला गंज लावतोय.

हसा.
मॅकइल्रॉय हसलाच खिडकीतून:
जन्मभर पुसलंस, आता गिरवत बसलास?

काम उलटं चालतं इथं.
आधी गंज: विटकरी, त्यावर करपट तपकिरी,
कडांना संत्र्याच्या सालीसारखा ताजा.
मग हेअरस्प्रेचा एक हात.
मग वरून राखाडी, नौदलाचा, सभ्य.
तो सुकला की कोमट पाण्यात ब्रश बुडवून
हळूच टोचायचं, चोळायचं.
मधला थर विरघळतो, वरचा पोपडा सुटतो,
आणि जिथं बूट घासले असतील,
साखळी घसरली असेल,
तिथं आतलं वर येतं.

हेअरस्प्रेचा डबा उनाचा.
न्हाणीघरातल्या फळीवर दोन हिवाळे तसाच होता.
दाबला, तर टेबलाला
शनिवारच्या संध्याकाळचा वास:
ती आरशापुढं, मी दाराशी, टोपी हातात,
आणि आम्हाला उशीर होतोय.
हलवून बघतो. तळाशी थोडं खळखळतंय.
डाव्या बाजूला पुरेल. उजवीचं बघू.

बाबा असल्या नौकेच्या सुकाणूवर होते.
कुठला किनारा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही;
मला ठाऊक आहे ते कागदांवरून.
वाळूला टेकवायची, दार पाडायचं,
पोरं उतरली की मागं फिरायचं,
पुढची पोरं आणायला.
घरात त्यांनी कुणाला दार आपटू दिलं नाही.
कोळशाच्या खोपटाची जड फळी
दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तशी
खाली टेकवायचे.
आई चिडायची, पावसात एवढा वेळ कशाला म्हणून.

खोक्यात अकरा सैनिक आले होते,
बोटाएवढे, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले.
मी ते सोडवले नाहीत.
आत फक्त ओल केली, चकचकीत लाखेनं,
आणि चिखलाचे ठसे,
सगळे एकाच दिशेला जाणारे.
सुकाणूपाशी मात्र रंग घासून
एक जागा उघडी केली,
दोन टाचांएवढी.

काल शोना आली. मुलीची मुलगी, सात वर्षांची.
मी चहा ओततोय तोवर तिनं
पितळी तारेच्या बिजागरीवरलं ते दार
बोटानं ढकललं.

टक्.

एवढासा आवाज, शर्टाचं बटण पडावं तसा.
चहा कपाबाहेर गेला.
आजोबा, मोडलं का?
नाही गं, म्हटलं. तेच त्याचं काम.
मग वर कसं करायचं?

कुणी विचारलं नव्हतं हे.
तिच्या दोन्ही हातांवर माझे हात ठेवून दाखवलं:
असं. घाई नाही करायची.
तिची बोटं विटकरी झाली.
धुऊन ये म्हणणार होतो, राहिलं.

डबा परत फळीवर ठेवलाय,
थोडं खळखळतंय त्यात अजून.
उजवी बाजू राखाडी, नवीकोरी,
कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखी.
कपाटावर ठेवताना
ती भिंतीकडे केली.