साठ सिमेंट, अकरा पांदण

शोरूममधला पोरगा, हेडाऊ आडनावाचा,
माझ्या भाच्याकडे पाहून सांगत होता:
"दोनशे सीसी, सर. पुढचं चाक एकवीस इंची, सर.
खालून दोनशे वीस मिलिमीटर मोकळं."
भाचा मोबाइल चोळत उभा.
मी म्हटलं, गाडी मले पाहिजे.
"तुमाले?" जरा थांबला.
"स्कूटर दाखवू का, मॅडम?"

स्कूटर आहे. तीच तर अडचण आहे.
दिघोरीच्या पुलावरून उमरेड रोडला लागली
की सिमेंटवर लोण्यासारखी धावते,
पण माझं काम सिमेंट संपल्यावर सुरू होतं.
कुहीच्या पुढे, भिवापूरच्या मिरचीच्या वावरांतून,
पांदणीनं आत,
निरीक्षणाच्या एकोणतीस विहिरी.
वर्षातून चारदा
टेपला खडू फासून खाली सोडायचा,
कुठवर भिजला ते वहीत लिहायचं.
पाणी किती खाली गेलं, त्याला रकाना आहे.
बाई तिथवर कशी गेली, त्याला नाही.

ऑक्टोबरात काळी माती
चाक आणि मडगार्डच्या मधे शिरते,
ठासून भरते, करंजीतल्या सारणासारखी.
चाक फिरत नाही.
मग मी तुराटीनं खरवडत बसते,
धुऱ्यावरचा बगळा बघत बसतो,
त्याचे पाय लांब.
म्हणून मला मडगार्ड उंच पाहिजे,
चाकापासून वीतभर वर.
हे सांगितलं तेव्हा हेडाऊनं
पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.
"मॅडम, लोक तर रंग विचारतात."

सीट आठशे पस्तीस मिलिमीटर.
माझा पाय, आतून, टाचेपर्यंत, सातशे दहा.
ऑफिसचं दार लावून
विहिरीच्याच टेपनं मोजला होता.
तरी चढले.
दोन्ही पाय लटकले,
पहिलीतल्या पोरीचे बाकावरून लटकतात तसे.
भाचा हसला नाही.
दिवाळीला त्याला शर्ट घेईन.

गोळीबार चौकात पराते मिस्त्री,
पानाची पिचकारी टाकून:
"दोन पाय कायले पाहिजे वो?
गाडी काय उभी राहाले घेऊन राह्यल्या का?
बूड सरकवा. एक टेकवा. चाल्ला कारभार."
सीटचा फोम दोन बोटं कापून देतो म्हणाला,
"पण मंग खड्ड्यात कंबर बोलन."
मग टायरची गोष्ट निघाली.
गुट्ट्यांचे घेतले तर सिमेंटवर घुमतात,
मे महिन्यात सहा महिन्यांचं आयुष्य दोन महिन्यांत झिजवतात.
गुळगुळीत घेतले तर मुरमावर
कधी पाय काढून घेतील नेम नाही.
"किती रोड, किती माती, सांगा,
त्या हिशोबानं टाकू."

साठ किलोमीटर सिमेंट,
अकरा किलोमीटर पांदण.
हिशोब सरळ होता. वहीत तोच लिहिला असता.
पण ते साठ मला एकदाही आठवलेले नाहीत,
आणि अकरामधला
बाभळीपाशी कुठे डावीकडे ओढतं,
कुठल्या नाल्यात दगड सैल आहे,
कुठल्या वळणावर कुत्री उठतात,
झोपेत विचारा.
गुट्ट्यांचे टाका, म्हटलं.
फोम राहू द्या.

जानेवारीत पहिली फेरी.
दिघोरीच्या सिग्नलला डावा पाय टेकला,
नुसता अंगठा आणि चवडा,
ऑटोवाला म्हणाला, "पडशीन ना, बाई!"
नाही पडले. पडले ते तिसऱ्या विहिरीपाशी,
जागच्या जागी, अगदी हळू,
हरभऱ्यात.
मालकीणबाईनं आधी हरभरा पाहिला, मग मला.

साइड स्टँड मऊ मातीत रुततो,
म्हणून परातेनं डब्याचं झाकण दिलं होतं,
खाली ठेवायला, फुकट.
सातव्या विहिरीवर ते विसरले.
पाणी चार मीटर वीस, लिहिलं, निघाले,
डांबरीपर्यंत आले, तेव्हा आठवलं.
पराते दुसरं देईल, हे ठाऊक होतं.
ऊन कलत होतं.
गाडी वळवली.