उपडी पियाली

तो आला तेव्हा डाव्या डोळ्यावर चहाची पियाली उपडी बांधलेली,
निळ्या कापूसबोंडांच्या नक्षीची,
कमरेच्या फडक्यानं, सैल गाठ मारून.
हे कुणी केलं, मी विचारलं.
मागं उभ्या शागिर्दानं मान खाली घातली.
त्याला वाटलं, चुकलं.

अरे उल्मस,
अर्धं ऑपरेशन तूच केलंस.
चोळू दिलं नाहीस. दाबू दिलं नाहीस.
रुमालाचं टोक ओलं करून धावलेल्या शेजारणीला
दारातच थांबवलंस.

शाहरिखानचा एर्गाश, सुऱ्या घडवणारा.
चाळीस वर्षं ठिणग्या त्याला ओळखून वळसा घालत होत्या,
आज एक नवखी निघाली.

हनुवटी इथं. कपाळ पुढं. श्वास घ्या, घेत राहा.
उजेडाची चीर सरकवत नेली.
बाहुली गोल राहिली नव्हती,
थेंबासारखी ओढलेली, टोक खाली जखमेकडे :
भेदरलेला साक्षीदार, तोंडानं नाही, बोटानं सांगणारा.
पारपटलाच्या चिरेतून बुबुळाचा तपकिरी कोंभ बाहेर.
नारिंगी रंगाची पट्टी टेकवली, निळा दिवा लावला,
आणि हिरवा ओहळ चालू लागला
आतून बाहेर, सावकाश.

लोखंड आहे, चुंबकाच्या मशीनजवळ नेऊ नका.
सीटीत मागचं सगळं स्वच्छ.
भूल. दिवा. सूक्ष्मदर्शक.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं
म्हणून लोक नावं ठेवतात.
माझं तर पोटच त्याच्यावर.
ते बुबुळावर बसलं होतं, जिऱ्याहून बारीक,
हातोडीच्या तोंडाचा टवका.
चिमट्यानं उचलला, वाटीत टाकला.
आवाज आलाच नाही.

कोंभ आत सारला, झोपलेल्या पोराचा हात
पांघरुणात घालावा तसा.
मग टाके. पाच.
असा दोरा, की हरवला तर फुंकर घालून शोधायचा.
तिसरा दोनदा सोडला.
गाठी वळवून आत पुरल्या, हवेचा एक बुडबुडा ठेवला.
पुन्हा रंग, पुन्हा निळा दिवा.
ओहळ आटला होता.
भिंगाला ओरखडा नाही. मी उगीचच तीनदा पाहिलं.

चौथ्या महिन्यात, दोन टाके काढून झाल्यावर,
त्यानं विचारलं, तुमचं पातं दाखवता?
दिव्याखाली धरलं, उजव्या डोळ्यानं पाहिलं,
मग उजवा मिटून डाव्यानं.
बराच वेळ.
धार चांगली आहे, म्हणाला. मुठीला जीव नाही.

आणि चष्मा? मी विचारलं. भट्टीजवळ?
खिळ्याला आहे, म्हणाला.
उल्मस खिडकीबाहेर बघू लागला.
मी पियाली परत दिली, धुऊन.
त्यानं ती घेतली नाही.
पुढचं कुणीतरी येईल, म्हणाला,
ठेवा.