धुरा

पंचायतीच्या मागच्या खोलीत, टिनाखाली,
माझा पडदा बहुतेक बंदच असतो.
सचिव म्हणतात, वीज वाचते.
मला आवाज पुरतो. तो कानात
तव्यावरच्या तिळासारखा तडतडतो,
इतका भरभर, की शिपाई नामदेव मडावीला वाटतं
रेडिओच बिघडला.

माझ्या खिडक्यांना डावं-उजवं नसतं.
रेशनच्या रांगेसारख्या एकीमागे एक उभ्या.
ऑल्ट दाबून धरायचा. टॅब, टॅब, टॅब.
जिची पाळी, ती नाव सांगते.

पण आज पार्बताबाई आली.
निराधारचे पैसे चार महिन्यांपासून अडकलेले.
तिच्यासाठी पडदा लावला.
विंडोज की, डावा बाण: आधार डावीकडे.
विंडोज की, उजवा बाण: बँक...
बँक ऐकेना.
कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसली देव जाणे.
मग ऑल्ट-स्पेस, एम,
आणि बाणावर बोट.

खिडकी सरकताना आवाज गप्प असतो.
सरकते का नाही, कोण सांगणार?
मी मोजते. वीस. एकवीस.
बाबा मला धुऱ्यावरून असंच चालवायचे,
एक हात खांद्यावर, बाकी माझं मी.
एकोणचाळिसाव्या पावलाला बाभूळ,
अडतिसाव्याला थांबायचं.

अडतीस. एन्टर.

मधोमध धुरा सरळ पडला असेल, या भरवशावर म्हटलं,
"पाहा मावशी, दोन्ही नावं शेजारी शेजारी."

तिच्या बांगड्या वाजल्या.
"मले काय दाखोतं वं पोरी?
मले कुठी वाचता येते!"

मग हेडफोन उपसला.
आवाज हळू केला, आणखी हळू,
शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखा.
पार्बताबाई झिंगरू कोडापे.
ऑल्ट, टॅब.
पारबती झिंगरू कोडपे.

बाहेर कुणाची तरी बकरी कागद चघळत होती.

"हे दुसरी कोन व्हय?"
"तुम्हीच."
"मंग पैसे कोनाचे अडकले, इचे का तिचे?"
नामदेव हसला. ती नाही हसली.

दुरुस्तीचा फॉर्म उघडला.
तिसरी खिडकी, सगळा पडदा व्यापून;
मी इतकं मोजून मांडलेलं
तिच्या एका टिचकीत झाकलं गेलं.
अंगठा कुठे लावायचा ते सांगत होते,
तर ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली,

"थांब ना थोडी.
त्या पहिलीले अजून एक डाव बोलव."