ताण

अक्षीच्या वाडीत, मोरीच्या तोंडाशी
बारा महिने भांड्यांचं पाणी पीत
आमचं पपनस उभं.
वर मी दर अमावास्येला
मूठभर युरिया, कधी दोन मुठी.
हात सढळ, आणि घरात
दुसरं कुणी वाढून घ्यायला नव्हतं.

झाड माजलं.
पानं काळीशार, काटे बोटभर,
फांद्या पार पन्हळीवर.
फळं चार. साल चपलेच्या टाचेएवढी,
आतल्या फोडी चावल्या तर कापूस.

नागावची द्वारका, माझी चुलतबहीण,
माती चिमटीत घेऊन म्हणाली,
"मोरेश्वरा, पोट फुटेस्तोवर जेवलेलं झाड
फुलायचं कशाला?
ताण दे."

मार्गशीर्षात मोरी अळवाकडे वळवली.
आळं उकरलं. पुळणीतली
केसाएवढी मुळं उन्हाला दिसली.
युरियाची पिशवी तिनंच नेली
स्कूटरवर, दोन पायांच्या मधे.

पौषात पानं दुपारची
होडीसारखी मिटायला लागली.
काही पिवळी होऊन पडली.
"अजून थांब," फोनवर ती. "अजून."
सुपारीला पंप लावताना
मी पपनसाकडे पाठ करायचो,
उधारी थकलेल्या दुकानावरून जावं तशी.

आणि कबूल करतो, तीन रात्री
तांब्या घेऊन गेलो,
पूर्वेच्या अंगाला, गडग्याआड,
बॅटरी न लावता.
माती इतक्या घाईनं प्यायली
की आवाज आला.

माघ सरताना ती आली:
कुजलेलं शेणखत, चुलीची राख,
बुंध्याला नाही, सावलीची कड संपते तिथं.
पहिलं पाणी अर्धं,
चार दिवसांनी पुरतं.

पंधरवड्यानं एक मासळीवाली
टोपलीसकट फाटकाशी थांबली.
"काय फुललंय रं तुझ्याकडं?"
बोंबलांच्या वासातूनही
तिला पोचलं होतं.

पूर्वेची फांदी तेवढी
हिरवीगार, मुकी.
द्वारका तिच्याखाली बराच वेळ उभी.
"इथं कोण येत होतं?"
"मांजर."
"तांब्या घेऊन?"

गौरींच्या आधी एक उतरवलं.
साल पातळ, सुरी सरळ आत गेली,
रस कोपरापर्यंत.
तिनं एक फोड चोखली, बी हातावर थुंकली.
"जरा कडवट आहे.
विहीर मचूळ तुझी, तिला कोण काय करणार."
मग उरलेलं सगळं
ओटीवर बसून, मला न विचारता,
तिनंच संपवलं.