गळ्याचा तुकडा

आमच्या तळघरात कापड थप्पीनं कापतात,
साठ पदर एकावर एक.
मेदेर मशीन फिरवतो, ओठांत न पेटवलेली सिगरेट,
एका फेरीत साठ गळे मोकळे होतात
आणि साठ अर्धचंद्र फरशीवर पडतात.

मी उचलते.
मालकीण म्हणते, ने की बुरुल, पण वजन करून,
गादीवाले किलोला बारा सोम देतात.
तेरा देऊन मी पिशवी भरते:
मुंढ्यांच्या चंद्रकोरी, खिशांच्या कडेचे लांबट काप,
जॅकेटांचं निळं अस्तर. तळहाताहून फारसं मोठं काहीच नाही.

आई कुराक शिवायची.
त्रिकोणाला त्रिकोण भिडवून मेंढ्याची शिंगं,
दृष्ट लागू नये म्हणून कडेनं ताईत.
एका रजईत तिचे दोन हिवाळे जात.
माझ्याकडे रविवार आहेत.
म्हणून चौकोन. चार बोटांचा पुठ्ठा, खडूची रेघ, कात्री.
चंद्रकोरीतून चौकोन काढला की पुन्हा उरतंच,
कातरणीची कातरण.
ती एका जुन्या मोज्यात भरते. उशीला होईल.

ओळीला ओळ लावली, कोपरे जुळेनात.
इकडून ओढलं तर तिकडे उसवतं.
नाही जुळत तर नाही जुळत.
शेजारची तोक्तोबूबू येते, आपला चहा आपण ओतून घेते,
म्हणते, हा लाल तुकडा उलटा लागलाय गं.
मला माहीत आहे.
रात्री वीज जायच्या आत घाईनं लावला होता.
उसवणार होते, पण उलटीकडून तो लाल
जरा मवाळ दिसतो, दहा वेळा धुतल्यासारखा,
तेव्हा आता सांगते, मुद्दामच लावला.

उलान येकातेरिनबुर्गला असतो. चौदाव्या मजल्यावर काचा बसवतो.
त्याची मुलगी नऊ महिन्यांची झाली.
फोनमध्ये ती माझं नाक धरायला बोट पुढे करते
आणि काचेवर आपटते.
सून भली आहे. म्हणते, आई, कशाला डोळे शिणवता,
इथे दुकानात मिळतात, हलक्या, ससे छापलेल्या.
मिळत असतीलच.
आम्हीच शिवत असू.

गेल्या थंडीत उलाननं फोटो पाठवला, अंगात निळं जॅकेट.
मी तो बोटांनी मोठा केला, चेहरा बाजूला सरकवला,
आणि कॉलरची टीप बघत बसले.
डावीकडे किंचित वाकडी. साठातलं एक?
विचारलं नाही.

अंगावर चढतं ते सगळं इथून जातं.
गठ्ठे बांधून, ट्रकात, सीमेपलीकडे.
बाह्या जातात, पाठ जाते.
मागे राहतं ते डोकं बाहेर यायच्या जागेचं,
हात बाहेर यायच्या जागेचं,
माणूस आत शिरावा म्हणून काढून टाकलेलं कापड.
तेच मी इतके रविवार जोडते आहे.
सलग झालं की त्यात शिरायला वाट उरणार नाही.
खाली झोपता येईल, एवढंच.

लोकर आईच्या गादीतली. अंगणात काठीनं झोडपली,
धूळ उडाली, खोकले, पसरली, धावदोरा घातला.
शुक्रवारी बस जाते, ड्रायव्हर पार्सलं नेतो.

गुरुवारी सुया मोजल्या. तीन होत्या, दोन भरल्या.

तळव्यानं चाचपली अख्खी रजई, ओळ सोडली नाही.
मग पालथ्या हातानं, तिथली कातडी पातळ असते.
मग गालानं.
मेदेरकडून लोहचुंबक आणला, त्याला फक्त माझी कात्री चिकटली.
शेवटी दिवा मालवला, सदरा काढला,
आणि उघड्या अंगानं तिच्याखाली शिरले,
वर-खाली, कुशीवर, पालथी,
नऊ महिन्यांचं मूल लोळेल तशी लोळले
छप्पन्न वर्षांची बाई.

काही टोचलं नाही.
पहाटे केव्हातरी डोळा लागला, बस चुकली.

सुई मोज्यात होती.