दहावा बोल्ट

अंबड लिंक रोडवर, भंगार बाजार संपतो तिथं
सादिक तांबोळीचं गॅरेज.
घोड्यांवर चढवलेली दोन सीटांची लाल गाडी,
सदुसष्ट सालची, देवळालीच्या मेहेरजींची.
मागची चाकं काढलेली,
पोटातला गोळा बाहेर, बाकावर,
रॉकेलनं धुतलेला.

मला बोलावलं ते टॉर्क रेंचसाठी.
सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी एवढंच तपासलं,
कुणी किती आवळलं.

सादिकचा हात माझ्याहून जाणता.
म्हणतो, मनगटाला कळतं, साहेब.
मी म्हणतो, मनगट सकाळी वेगळं असतं
आणि जेवणानंतर वेगळं.
हसतो.
आमच्याआधी कुणीतरी पान्याला पाईप लावून
लोंबकळलाय या बोल्टांना.
डोक्यांचे कोपरे गेलेत.

आटे ब्रशनं साफ केले, कोरडे.
तेल राहिलं तर तोच आकडा खोटं बोलतो,
हे मी सादिकला दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा त्यानं मला.

मग समोरासमोर, शेजारी-शेजारी कधीच नाही:
आधी वीस, मग चाळीस, मग साठ.
एक आवळला की समोरचा जरा रुसतो,
पुन्हा त्याच्याकडे जायचं,
त्याची समजूत काढून परत याच्याकडे.

कट्.
रेंच बोलला की हात थांबला पाहिजे.
आणखी एक कट् म्हणजे काळजी नव्हे, हाव.
झालेल्या प्रत्येक डोक्यावर सादिक
लेकीच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो, गुलाबी.

नऊ ठिपके.

दहावा फिरत राहिला.
पाव फेरा. अर्धा.
ओल्या मातीत खुंटी फिरावी तसा,
मऊ.
सादिकच्या हातात बाटली, ब्रश ओला.
तो माझ्याकडे बघत नव्हता,
मी त्याच्याकडे.

रविवारी मेहेरजींच्या बायकोला पंचाहत्तर होतात.
त्र्यंबकच्या रस्त्यानं, छत उघडं टाकून,
गंगापूर धरणावरून परत, असा बेत.
केसिंग बंद झालं की आत कोण बघतंय?
वळणावर आतलं चाक कमी धावतं, बाहेरचं जास्त,
त्यांचा तंटा मिटवत बसेल बिचारा गोळा
काळोखात, दाट तेलात,
नऊ खरे आणि एक हो ला हो करणारा.

काढला.
उजेडात धरला तर गळ्याशी बारीक झालेला,
ओढलेल्या चिंगमसारखा.
व्हर्नियरची गरजच नव्हती, तरी लावला.
सवय.

मग सादिकनं, मी काही न बोलता,
थिनरचं फडकं घेतलं
आणि नऊही ठिपके पुसले.
त्याच पाईपचे आहेत सगळे, म्हणाला.
आज याचं, उद्या त्याचं.

मेहेरजींना फोन मी केला.
नवे दहा यायला पंधरा दिवस.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, तिला बस चालेल,
तिला तशी गाडीची भीतीच वाटते,
बेत माझाच होता.

निघताना रेंचची मूठ उलटी फिरवत
सगळ्यात खालच्या खुणेवर आणली.
ताणून पेटीत ठेवला
तर आतली स्प्रिंग रात्रभर
साठचंच ओझं धरून बसते,
आणि सकाळी तिला
साठ म्हणजे किती, ते आठवत नाही.

बाकावर दहा जुने बोल्ट एका डब्यात.
सादिकनं त्यावर खडूनं लिहिलं: वापरायचे नाहीत.
खाली एक रेघ ओढली.
मग अजून एक.